बट्टा

१६७४मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तो नुसता राज्याभिषेकाचा नजराणा देऊन परतायला नव्हे. त्याच्यापाशी तहाच्या मागण्यांची यादी होती, आणि इंग्रजांची नाणी शिवाजी महाराजांच्या मुलखात चालावीत अशी तीत एक मागणी होती. मुंबईच्या बेटावर कंपनीची टांकसाळ नुकतीच सुरू झाली होती. तिथल्या नाण्याला बाजार हवा होता. महाराजांनी हे कलम मागितलं तसं दिलं नाही. ज्या नाण्यात रयतेचा तोटा आहे ते घ्यायला तिला भाग पाडणार नाही, अशा अर्थाचं उत्तर गेलं. तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं चोख आणि वजनात भरणारं असेल, तर ते चालायला आमची आडकाठी नाही, असंही त्यात होतं.

‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं देवनागरीत उठवलेली तांब्याची शिवराई आणि सोन्याचा होन या राजाच्या नावाचे. तरी परक्या नाण्याला त्याने बंदी केली नाही की सक्तीही केली नाही. पारख बाजारावर सोपवली. आणि बाजाराची पारख म्हणजे बट्टा.

आज हा शब्द फक्त नावाला लागतो. मूळचा तो सराफाच्या पेढीवरचा. एक नाणं देऊन दुसरं घेताना मधला जो फरक कापला जाई, तो बट्टा. अठराव्या शतकातल्या पुण्यात रुपया ही एक वस्तू नव्हती, तिच्या जाती होत्या. अंकुशाचं चिन्ह असलेला अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी, बागलकोटकडचा मल्हारशाही, शिवाय सुरतेचा, अर्काटचा. पेशवाईत टांकसाळी बहुधा सरकार स्वतः चालवत नसे. सनद देऊन सोनारा-सावकारांना चालवायला देई आणि त्यावर हक्क घेई. टांकसाळवाल्याने चांदीत हीण थोडं जास्त मिसळलं की त्याचा फायदा, आणि ते बाजाराच्या ध्यानात आलं की त्या रुपयावर बट्टा.

सराफ रुपया आधी दगडावर वाजवून पाहत असे. ‘खणखणीत’ हे विशेषण आपण आता भाषणाला लावतो, तेव्हा ते चांदीचं प्रमाणपत्र होतं. मग वजन, मग कस. पारखलेल्या नाण्यावर सराफ आपली बारीक खूणही ठोकत; अशा खुणांनी चाळण झालेले जुने रुपये नाणी जमवणाऱ्यांकडे आजही दिसतात. मोगली रिवाजात तर चालू सालाचा रुपया पुऱ्या भावाने चाले आणि साल मागे पडलं की नाणं न झिजताही त्याची किंमत उतरे. टांकसाळ जवळची की लांबची, वसुलीचा हंगाम आहे की नाही, यावरही भाव हलायचा.

यात मरायचा कोण? शेतकरी. धान्य विकून हाती येईल तो रुपया त्याचा, पण सारा मात्र ठरलेल्या नाण्यात भरायचा. मधला बट्टा त्याच्या माथी. वसुलीच्या हिशेबात बट्ट्याच्या रकमा रीतसर मांडलेल्या सापडतात, म्हणजे तो चोरीचा मामला नव्हता, कायदेशीर होता. सराफाला सरसकट लबाड ठरवण्याची आपल्याकडे हौस आहे. मला ते पटत नाही. वीस जातींच्या नाण्यांत कोणीतरी ‘हे एवढ्याचं आहे’ असं सांगून ते पदरात घेण्याची जोखीम पत्करल्याशिवाय व्यापार चाललाच नसता. दुखणं सराफ नव्हता, नाण्यांची ती बजबजपुरी होती.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. दिल्लीचा बादशहा मराठ्यांच्या आधाराने तख्तावर बसू लागला, त्या काळातही मराठी टांकसाळींतल्या रुपयावर फारसी अक्षरं आणि बादशहाचंच नाव असे. अभिमान कमी होता म्हणून नव्हे. व्यापाऱ्याच्या नजरेला तोच छाप ओळखीचा होता म्हणून. कंपनीनेही रुपयावर बरीच वर्षं हेच केलं.

आणि नाण्यांचे आपापसातले भाव ही काही पेशवाईची निर्मिती नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, त्याने दोन हजार कार्षापण (चांदीची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार पाऊण टक्क्याने. त्या व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि किरकोळ खर्च भागायचा. त्याच लेखात सत्तर हजार कार्षापणांच्या दानाचा हिशेब आहे: दोन हजार सुवर्ण, दर सुवर्णाला पस्तीस. सोन्याचा चांदीशी भाव दगडात कोरून ठेवलाय. ठेवीदाराला व्याजाचा दर इतका टिकाऊ लिहून पुन्हा कोणी दिला नसेल.

बट्ट्यातून आणि वाटेवरच्या चोरांतून सुटायची व्यापाऱ्याची युक्ती म्हणजे हुंडी. पुण्यात पैसे भरायचे, काशीला पेढीवर कागद दाखवून उचलायचे. दाखवताच पैसे मिळाले तर दर्शनी, ठरल्या दिवसांनी मिळाले तर मुदती. हे करण्याबद्दल पेढी घेई ती हुंडणावळ. रकमेत कोणी खाडाखोड करू नये म्हणून हुंडीत नुसतं ‘एक हजार’ लिहून भागत नसे. त्याचे निमे पाचशे, त्यांची दुप्पट, असा उलटसुलट बंदोबस्त असे. हुंडी हरवली तर ‘पेठ’, तीही हरवली तर ‘परपेठ’. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली तीही सावकारी पत्रातून, पेढीच्याच सांकेतिक भाषेत: मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि ज्याची मोजदाद होईना तो खुर्दा म्हणजे बाकीची माणसं.

कंपनीलाही बट्ट्याने छळलं होतं. बंगाल, मद्रास, मुंबई या तिच्याच इलाख्यांत रुपये वेगवेगळे. अखेर १८३५च्या कायद्याने एकच रुपया आला: वजन १८० ग्रेन, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. हे वजन म्हणजे बरोबर एक तोळा, म्हणून रुपया हेच वजनाचं माप झालं आणि ‘रुपयाभार’ हा शब्द रूढ झाला. जुनी नाणी मात्र लगेच हटली नाहीत. शिवराई तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही देशावर सुट्ट्या पैशांसारखी चालत होती.

मराठवाड्यात बट्टा आणखी शंभर वर्षं टिकला. निजामाचा हाली सिक्का वेगळा आणि इंग्रजी रुपया वेगळा. यंत्रावर, म्हणजे कळीवर पाडलेला म्हणून इंग्रजी रुपयाला ‘कलदार’ म्हणत. सहा कलदार म्हणजे सात हाली, हा ढोबळ भाव. औरंगाबादच्या माणसाला मनमाडच्या बाजारात जायचं तर आधी पैसे बदलावे लागत. संस्थान भारतात विलीन झालं तरी हाली सिक्का पुरता जायला पन्नासचं दशक सरत यावं लागलं. तोवर १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. रुपयातली चांदी त्याआधीच गेली होती: १९४०मध्ये ती निम्म्यावर आली, १९४७पासून निव्वळ निकेल. आता वाजवून पाहण्यासारखं काही उरलं नाही.

बट्टा मात्र अजून पुरता संपलेला नाही. गावोगावच्या बाजारात फाटक्या नोटा बदलून देणारी माणसं बसतात. शंभराची फाटकी नोट घेतात आणि काही रुपये कापून चांगली देतात. ही कापाकापी तुम्ही सोसायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा तुकडा निम्म्याहून मोठा असेल, तर पूर्ण पैसे मिळतात. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा तुकडा ऐंशी टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण, चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान असेल तर निम्मे. घरात अशी नोट पडून असेल, तर बाजारात नेऊ नका. जवळच्या बँकेच्या शाखेत घेऊन जा.