मंगळावर उडालेली मोबाइलची चिप

पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या पोटाला बांधून १.८ किलो वजनाचे एक हेलिकॉप्टर मंगळावर गेले. गंमत अशी, की वाहून नेणाऱ्या अवजड रोव्हरपेक्षा त्या चिमुकल्या प्रवाशाचा मेंदू कितीतरी चपळ होता. रोव्हरचा आरएडी ७५० प्रोसेसर जेमतेम २०० मेगाहर्ट्‌झवर चालतो. किरणोत्सर्गाला दाद न देणारी, अवकाशात मुरलेली ती चिप. ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टरमध्ये मात्र क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८०१ होती. २०१४ मध्ये वनप्लस वन हा फोन ज्यांनी घेतला, त्यांच्या खिशात हीच चिप होती.

नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने हे धाडस केले ते कॅमेऱ्यापायी. पृथ्वीवरून निघालेला संदेश मंगळावर पोहोचायला कित्येक मिनिटे लागतात, तेव्हा इथून कळ फिरवून हेलिकॉप्टर उडवणे अशक्य. तिथे जीपीएस नाही आणि होकायंत्राला धरायला ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्रही नाही. म्हणून खाली रोखलेला एक कृष्णधवल कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घ्यायचा. प्रोसेसर त्यांतले दगड, कडा, सावल्या हेरायचा आणि पुढच्या चित्रात त्या किती सरकल्या यावरून आपला वेग ओळखायचा. चित्र फक्त ६४० बाय ४८० बिंदूंचे, पण अख्खे एकाच क्षणी टिपलेले. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यासारखे ते ओळीओळीने टिपले असते, तर मिनिटाला सुमारे २४०० फेरे घेणाऱ्या पात्यांच्या थरथरीत वाकडे झाले असते. एवढे गणित आरएडी ७५० ला वेळेत झेपण्यासारखे नव्हते. शिवाय चिप कमी विजेत चालायला हवी होती, कारण बॅटरीची बरीचशी ऊर्जा रात्रीच्या थंडीत यंत्र उबदार ठेवण्यातच जायची.

या निवडीतली खरी हुशारी स्नॅपड्रॅगनच्या शेजारी आहे, असे मला वाटते. फोनची चिप वेगवान, पण किरणोत्सर्गाने कधी अडखळेल याचा नेम नाही. म्हणून तिला मुख्यतः ‘पाहायला’ बसवले. तोल सांभाळण्याचे, सेकंदाला ५०० वेळा करायचे काम गाड्यांच्या सुरक्षा यंत्रणांसाठी बनवलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या दोन मायक्रोकंट्रोलरांकडे गेले. एक चुकला तर दुसरा ताबा घेणार, आणि दोघांवर नजर ठेवायला किरणोत्सर्ग सोसणारी एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप.

१९ एप्रिल २०२१ रोजी जेझेरो विवरात पहिले उड्डाण झाले. सहाव्या उड्डाणात, २२ मे रोजी, ही व्यवस्था कसाला लागली. साधारण ५४ व्या सेकंदाला एकच चित्र वाटेत हरवले. एक चित्र गेल्याने बिघडले नसते. पण त्यापुढच्या प्रत्येक चित्रावर चुकीच्या वेळेचा शिक्का बसू लागला. आपण कुठे आहोत याचा हेलिकॉप्टरचा अंदाज आणि कॅमेऱ्याला दिसणारी जमीन यांचा मेळ बसेना. ते पुढे-मागे झोके घेऊ लागले, २० अंशांपेक्षाही जास्त कलले. तरी उतरले ते ठरलेल्या जागेपासून सुमारे ५ मीटरच्या आत. तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत भरपूर सवड ठेवलेली होती, आणि उतरताना उडणाऱ्या धुळीने फसगत होऊ नये म्हणून शेवटच्या टप्प्यात चित्रांकडे दुर्लक्ष करायचे, असे आधीच ठरले होते. प्रोसेसर निवडताना लोक गिगाहर्ट्‌झ विचारतात. चित्र आणि त्याची वेळ शेवटपर्यंत एकत्र राहतात का, हे विचारणारे थोडे.

मोहीम पाच उड्डाणांची ठरली होती, झाली ७२. शेवटच्या उड्डाणात, १८ जानेवारी २०२४ रोजी, खाली वाळूच्या तीव्र उताराच्या, पण एकसारख्या दिसणाऱ्या लाटा होत्या. नजर ठरेल अशा खुणाच पुरेशा मिळाल्या नाहीत, वेगाचा अंदाज चुकला आणि आदळल्यामुळे पाती मोडली. फोनची चिप मात्र त्यानंतरही चालू होती. एप्रिलमध्ये निरोपाचा संदेश येण्याआधी तिला नवे काम नेमून देण्यात आले: रोज उठायचे, तापमान नोंदवायचे, जमिनीचे एक छायाचित्र घ्यायचे आणि सगळे स्वतःजवळ साठवायचे. स्मृतीत जागा आहे साधारण २० वर्षांच्या नोंदींची.