ओळख छोट्या श्वानांची (भाग ७) : आधी डोकं पाहा, मग रंग

मागच्या आठवड्यात आपण पॅपिलॉन आणि फालेन पाहिले. तिथे सगळा फरक कानांचा होता: कान उभे तर पॅपिलॉन, पडलेले तर फालेन. आजची जोडी जास्त चकवते, कारण दोघांच्या नावात राजा एकच आणि अंगावरचे रंगही तेच चार. एक किंग चार्ल्स स्पॅनियल आणि दुसरा कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनियल.

हा राजा म्हणजे १६६० ते १६८५ या काळात इंग्लंडवर राज्य करणारा दुसरा चार्ल्स. कामकाजाच्या बैठकीत राजा कुत्र्याशी खेळत बसतो, अशी नाराजी सॅम्युएल पीप्सने १६६७ साली आपल्या रोजनिशीत नोंदवली आहे. त्या काळच्या चित्रांत हे कुत्रे दिसतात, तेव्हा त्यांची मुस्कटं चांगली लांब असतात. एकोणिसाव्या शतकात आखूड नाकाची आवड वाढली. पैदास करणारे पिढ्यान्‌पिढ्या चपट्या तोंडाचीच पिल्लं निवडत गेले आणि जुना चेहरा जवळजवळ नाहीसा झाला.

रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थाला याची खंत वाटली. जुन्या चित्रांतल्यासारखा लांब तोंडाचा स्पॅनियल आणणाऱ्यास २५ पौंडांचं बक्षीस त्याने १९२६ साली इंग्लंडच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात जाहीर केलं. त्यातून काही जण जिद्दीने कामाला लागले. १९२८ मध्ये त्यांचा क्लब स्थापन झाला. ‘अ‍ॅन्स सन’ नावाचा कुत्रा त्यांनी नमुना म्हणून समोर ठेवला. १९४५ साली ब्रिटनच्या केनेल क्लबने या नव्या-जुन्या कुत्र्याला स्वतंत्र मान्यता दिली. तोच कॅव्हेलिअर.

त्यामुळे ओळखायची सुरुवात डोक्यापासून करायची. कॅव्हेलिअरच्या दोन कानांमधला माथा जवळजवळ सपाट असतो, कान वर बसवलेले असतात आणि मुस्कट साधारण दीड इंच पुढे आलेलं असतं. किंग चार्ल्सचा माथा घुमटासारखा फुगीर, कान खाली लावलेले आणि नाक दोन डोळ्यांमध्ये दाबून बसवल्यासारखं, किंचित वर वळलेलं. वजनाचाही आधार घेता येतो. कॅव्हेलिअर साधारण साडेपाच ते आठ किलोंचा, किंग चार्ल्स साडेतीन ते सव्वासहा किलोंचा. पण मधल्या वजनाचे कुत्रे दोन्हींत सापडतात, म्हणून शेवटचा निकाल डोक्यानेच लागतो.

आता रंग. हे चार रंग पाठ करायची गरज नाही, दोन प्रश्न विचारले की पुरे. अंगावर काळे केस आहेत का? आणि पांढऱ्याचे मोठे पट्टे आहेत का? काळा आहे, पांढरा नाही, भुवयांवर, गालांवर आणि पायांवर तांबूस ठिपके आहेत, तर तो ब्लॅक अँड टॅन. काळा, पांढरा आणि तांबूस तिन्ही असतील तर ट्रायकलर. काळाही नाही, पांढराही नाही, सगळं अंग गडद तांबडं, तर रूबी. मोतिया पांढऱ्यावर तांबूस-तपकिरी ठिगळं असतील तर ब्लेनहाइम. रूबीच्या छातीवर पांढऱ्याचा एखादा ठिपका दिसला म्हणून तो ब्लेनहाइम होत नाही. प्रदर्शनात तो दोष धरतात, एवढंच.

हे दोन प्रश्न मुळात अनुवंशाचेच आहेत. केसांत काळा रंग न उतरणं आणि अंगावर पांढरे पट्टे येणं, हे दोन्ही गुण दबून राहणारे आहेत. आई आणि बाप दोघांकडून आले तरच दिसतात. ब्लेनहाइममध्ये दोन्ही उघड असतात, म्हणून दोन ब्लेनहाइमना ब्लेनहाइमच पिल्लं होतात. उलट दोन ब्लॅक अँड टॅनच्या एकाच वेतात चारही रंग येऊ शकतात. पिल्लू वेगळ्या रंगाचं निघालं, तर आईबापांच्या शुद्धतेवर लगेच शंका घेऊ नये.

नावांचा घोळ मात्र इतिहासाने घातला आहे. पूर्वी हे चार रंग चार वेगळे कुत्रे मानले जात. त्यात ‘किंग चार्ल्स’ हे फक्त काळ्या-तांबूस कुत्र्याचं नाव होतं, तिरंगी तो ‘प्रिन्स चार्ल्स’. ब्लेनहाइम हे नाव ऑक्सफर्डशरमधल्या मार्लबरो घराण्याच्या राजवाड्याचं. १९०३ साली चौघांना एकत्र आणताना केनेल क्लबच्या मनात ‘टॉय स्पॅनियल’ हे नाव होतं, पण सातव्या एडवर्ड राजाच्या इच्छेखातर ‘किंग चार्ल्स’ राहिलं. अमेरिकेत याच कुत्र्याला आजही ‘इंग्लिश टॉय स्पॅनियल’ म्हणतात.

डोकं पाहा म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. आखूड नाकाच्या कुत्र्याला उन्हाळ्यात श्वास घ्यायला त्रास होतो. कॅव्हेलिअरचं नाक लांब केलं, तरी त्याची कवटी मेंदूला अपुरी पडण्याचा आजार आणि हृदयाच्या झडपेचा विकार या कुत्र्यांत फार आढळतात. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तिथली कॅव्हेलिअरची पैदास याच कारणाने बेकायदा ठरवली. म्हणून पिल्लू घ्यायचं मनात असेल, तर आधी त्याच्या आईबापांच्या हृदयाचे तपासणी अहवाल मागा. कोणता रंग हवा, हे सगळ्यात शेवटी ठरवा.

पुढच्या आठवड्यात बेल्जियमचे तीन भाऊ: ब्रसेल्स ग्रिफॉन, बेल्जियन ग्रिफॉन आणि पेटी ब्राबान्सॉन. तिथे रंग आणि केसांचा पोत यांवरच नाव बदलतं.