सत्तर गुणांचा हिशेब : जपानमधील उच्चकुशल व्यावसायिकांचा व्हिसा

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात अलीकडे एक प्रश्न आम्हांला हमखास विचारला जातो : "परदेशातल्या नोकरीसाठी गुण मोजतात म्हणे, ते कसे?" विचारणारा कधी नुकताच अभियंता झालेला विद्यार्थी असतो, तर कधी मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेला पालक. अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय आपल्या कुटुंबांना परवडत नाही. पुष्कळदा घरातील एकच व्यक्ती पदवीपर्यंत पोहोचलेली असते आणि तिच्या एका चुकीची किंमत सारे घर मोजते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने जपानची गुणपद्धती आम्ही येथे उलगडून सांगत आहोत. इतर देशांचे तक्ते वेगळे आहेत. परंतु एक तक्ता नीट समजला, की दुसरा वाचणे सोपे जाते.

जपानने ही पद्धती मे २०१२ मध्ये सुरू केली आणि २०१५ मध्ये 'उच्चकुशल व्यावसायिक' असा स्वतंत्र वास्तव्यदर्जा निर्माण केला. त्याचे तीन विभाग आहेत : संशोधन व अध्यापन, तांत्रिक व विशेषज्ञ काम, आणि उद्योगव्यवस्थापन. आपले बहुतेक विद्यार्थी दुसऱ्या विभागात बसतात. म्हणून पुढील आकडे त्याच विभागाचे आहेत. पात्रतेसाठी किमान ७० गुण लागतात.

हे गुण मुख्यतः चार गोष्टींना मिळतात. पहिली गोष्ट शिक्षण : पदवीला १०, पदव्युत्तर पदवीला २० आणि डॉक्टरेटला ३० गुण. यांपैकी सर्वांत वरचीच पदवी धरली जाते. त्यांची बेरीज होत नाही. दुसरी गोष्ट अनुभव : ३ वर्षांना ५, ५ वर्षांना १०, ७ वर्षांना १५ आणि १० वर्षांना २० गुण. हा अनुभव ज्या कामासाठी अर्ज आहे, त्याच्याशी संबंधित असावा लागतो. तिसरी गोष्ट वय : तिशीच्या आत १५, पस्तिशीच्या आत १०, चाळिशीच्या आत ५ गुण, त्यानंतर काही नाही. चौथी गोष्ट वार्षिक वेतन. ४० लाख येनला १० गुणांपासून आरंभ होऊन एक कोटी येनला ४० गुण मिळतात. मात्र येथे वयाची अट आड येते : ४० लाखांच्या वेतनाला गुण मिळतात ते केवळ तिशीच्या आतल्यांना, आणि ५० लाखांच्या वेतनाला पस्तिशीच्या आतल्यांना. शिवाय वेतन ३० लाख येनपेक्षा कमी असेल, तर इतर गुण कितीही असोत, हा दर्जा मिळत नाही.

याखेरीज काही पूरक गुण आहेत. जपानी भाषेच्या 'एन-१' परीक्षेला १५, तर 'एन-२' परीक्षेला १० गुण. जपानमधील विद्यापीठाची पदवी असेल, तर १० गुण.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेली एक विद्यार्थिनी २९ वर्षांची आहे, असे समजू. तिने पदव्युत्तर पदवी घेतली आहे, आपल्या विषयात ५ वर्षे काम केले आहे आणि एका जपानी कंपनीने तिला वर्षाला ५० लाख येन देऊ केले आहेत. शिक्षणाचे २०, अनुभवाचे १०, वयाचे १५ आणि वेतनाचे १५ मिळून ६० गुण होतात. इतके शिक्षण, इतकी वर्षे नोकरी, आणि तरीही १० गुण कमी! ते १० गुण तिला एन-२ परीक्षा देऊ शकते. आता दुसरी बाजू पाहा. तिने अर्ज वर्षभर लांबवला आणि तिची तिशी पूर्ण झाली, तर वयाचे ५ गुण गळतात आणि बेरीज पुन्हा ६५ वर येते. म्हणजे या तक्त्यात काही रकाने वाढत जातात, तर एक रकाना दरवर्षी आपल्या हातून निसटत असतो.

म्हणूनच आमचे आग्रहाचे सांगणे भाषेविषयी आहे. वय आपल्या हाती नाही. वेतन कंपनी ठरवते. भाषा मात्र विद्यार्थ्याला स्वतःच्या कष्टाने मिळवता येते आणि तिचा आरंभ महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापासूनही करता येतो. ही परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत अशा पाच पायऱ्यांची आहे. पुण्यात जपानी शिकवण्याची जुनी परंपरा असून तेथे ही परीक्षाही होते. एन-२ पर्यंत पोहोचण्यास काही वर्षांचा नियमित अभ्यास लागतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. 'सहा महिन्यांत एन-२' असे सांगणाऱ्या जाहिरातींवर विसंबू नये.

या दर्जाचे लाभ मोठे आहेत. एकदम ५ वर्षांचे वास्तव्य मिळते. पतीला किंवा पत्नीला काही अटींवर पूर्णवेळ नोकरी करता येते. एरवी कायम वास्तव्यासाठी साधारणतः १० वर्षे लागतात; ती मुदत ७० गुणवाल्यांना ३ वर्षांवर, तर ८० गुणवाल्यांना १ वर्षावर येते. पण मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. हा दर्जा प्रारंभी विशिष्ट कंपनीशी जोडलेला असतो. नोकरी बदलायची, तर नव्याने परवानगी घ्यावी लागते. ती न घेता काम बदलणे म्हणजे सारे कष्ट पणास लावणे होय.

आणखी एक मर्यादा पालकांनी शांतपणे समजून घ्यावी. आईवडिलांना सोबत नेण्याची सवलत आहे. पण ती प्रामुख्याने ७ वर्षांखालील नातवंडाच्या संगोपनासाठी किंवा गरोदरपणातील मदतीसाठी आहे, आणि त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किमान ८० लाख येन असावे लागते. म्हातारपणी मुलाकडे कायमचे राहता यावे, यासाठी ती नाही. गावी कोण राहणार, दवाखान्यात कोण नेणार, हे प्रश्न त्या तक्त्यात कोठेच नाहीत. ते घरातच बसून, निघण्यापूर्वी सोडवावे लागतात.

७० गुण झाले नाहीत, म्हणजे जपानचे दार बंद झाले, असेही नव्हे. अभियंते व तत्सम पदवीधर यांच्यासाठी गुण न मोजणारा नेहमीचा वास्तव्यदर्जा आहे. त्यावर जाऊन, तेथे अनुभव, वेतन व भाषा वाढवून पुढे उच्चकुशल दर्जासाठी अर्ज करता येतो. याउलट 'विशिष्ट कुशल कामगार' ही २०१९ पासूनची योजना अगदी निराळी आहे. शुश्रूषा, शेती, बांधकाम अशा क्षेत्रांसाठी ती असून तिच्या परीक्षा वेगळ्या आहेत. ते कामही सन्मानाचेच आहे. परंतु एका योजनेचे नाव सांगून दुसऱ्या योजनेत पाठवणारे मध्यस्थ भेटतात, म्हणून हा भेद नेमका ठाऊक असावा.

क्रमही नीट लक्षात घ्यावा. आधी जपानी कंपनीचा करार, मग तिच्यामार्फत तेथील इमिग्रेशन कार्यालयाकडे पात्रता प्रमाणपत्राचा अर्ज, आणि ते हाती आल्यावर भारतातून व्हिसा. करार नसताना केवळ गुणांच्या बळावर हा व्हिसा मिळत नाही. त्यामुळे 'गुण मिळवून देतो' असे सांगून पैसे मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. मध्यस्थाची मदत घ्यायचीच असेल, तर तो १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणीकृत आहे की नाही, हे आधी तपासावे. शेत गहाण ठेवण्यापूर्वी तर नक्कीच.

कागदपत्रांची तयारी आजच सुरू करता येते. दहावीची गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र आणि पासपोर्ट यांवरील नाव, आडनाव व जन्मतारीख एकसारखी आहे ना, ते पाहावे. प्रत्येक नोकरी सोडताना कामाचे स्वरूप आणि रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख असलेले अनुभवपत्र मागून घ्यावे. पाच वर्षांचा अनुभव खरा असूनही कागद नसेल, तर त्याचे गुण मिळत नाहीत. नियम बदलत असतात. म्हणून अर्ज करतेवेळी जपानच्या इमिग्रेशन सेवा संस्थेने प्रसिद्ध केलेला चालू तक्ता स्वतः पाहावा.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. तो तक्ता त्या देशाच्या गरजेप्रमाणे आखलेला आहे. घरात पहिल्यांदा शाळेची पायरी चढलेल्या मुलाने किती अंतर कापले, हे मोजण्यासाठी तो केलेलाच नाही. ६५ गुणांवर अडलेल्या आपल्या विद्यार्थ्याने त्यास स्वतःच्या योग्यतेचा निकाल समजू नये. कोणते ५ गुण उरले आहेत, ते पाहावे आणि पुन्हा कामाला लागावे. जे तेथे पोहोचले आहेत, त्यांच्याकडे आमची एक मागणी आहे : सुट्टीत गावी आलात, की एक संध्याकाळ वसतिगृहातील मुलामुलींसाठी राखून ठेवा आणि त्यांना जपानीची पहिली अक्षरे शिकवा.