गोल गालिचा सपाट का राहत नाही?

क्रोशाचा गोल गालिचा बिघडतो तो बहुतेक वेळा वाढीच्या टाक्यांमुळे. वर्तुळाची त्रिज्या एक एककाने वाढली की परीघ सुमारे ६.२८ एककांनी वाढतो. मुका खांब जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. म्हणून ६ टाक्यांनी सुरुवात करून दर फेरीत ६ वाढवायचे: १२, १८, २४. खांब उंच असल्याने तिथे १२ ने सुरुवात आणि १२ चीच वाढ.

वाढ कमी पडली की कडा उचलून वाटी होते, जास्त झाली की झालर पडते. ही झालर मोठी देखणी चूक आहे! १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ दायना तायमिन्या यांनी ठरावीक प्रमाणात मुद्दाम जास्त टाके वाढवत अपास्तीय (हायपरबोलिक) भूमितीचे प्रतल विणले आणि ते विद्यार्थ्यांच्या हातात दिले.

गालिचा मात्र जमिनीला टेकायला हवा. वाफेच्या इस्त्रीने किरकोळ फुगवटा बसतो, मोठा बसत नाही. पहिल्यांदा कड जिथे वळली त्या फेरीपर्यंत निःशंक उसवा. सुईवर एकच फास असल्याने ते सोपे जाते.

जुन्या साड्यांच्या पट्ट्या वापरत असाल तर त्या एकाच रुंदीच्या कापा. रुंदी बदलली की टाक्याचे माप बदलते, मग अचूक मोजूनही कड वाकते. आणि वाढीचे टाके दर फेरीत एकावर एक आले तर वर्तुळाचा षटकोन होतो. त्यांची जागा थोडी सरकवत राहा.