मस्तकीचे अश्रू

काष्ठौषधींच्या दुकानांत ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या, फिकट पिवळ्या व पारदर्शक खड्यांची पुडी मिळते. दुकानदार तिला ‘रुमी मस्तकी’ म्हणतो. नांव ऐकून हें औषध मस्तकासाठीं असावें असा तर्क पुष्कळ जण करतात. आम्हींही तो एकदां केला होता. परंतु या शब्दाचा मस्तकाशीं मुळींच संबंध नाहीं. असलाच तर तो दातांशीं आहे. ग्रीक भाषेंत दांतखाणें या अर्थाचें जें क्रियापद आहे, त्याच्याच कुळांतला हा शब्द. ‘रूम’ म्हणजे पूर्वेकडील रोमन साम्राज्याचा मुलूख. तेव्हां रुमी मस्तकी म्हणजे त्या मुलखांतून येणारा, चघळावयाचा पदार्थ. आज तोच चेहऱ्यास लावावयाच्या मलमांत, साबणांत व दंतमंजनांत घातला जातो; म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आशियामायनरच्या किनाऱ्यानजीक, एजियन समुद्रांत, खिऑस नांवाचें ग्रीक बेट आहे. त्याच्या दक्षिण भागांतील गांवें या पदार्थासाठीं शतकानुशतकें प्रसिद्ध आहेत. हें झाड पिस्त्याच्या जातकुळींतलें, सदा हिरवें व पुरुष-दोन पुरुष उंचीचें असतें. याचे भाईबंद भूमध्यसमुद्राच्या कांठीं सर्वत्र उगवतात. परंतु विपुल व सुगंधी मस्तकी देण्याची कीर्ति याच भागाची. तेथील माती, कोरडा उन्हाळा, पिढ्यानपिढ्या निवडून लावलेलीं झाडें आणि माणसांचें हातकसब या चोहोंचा तो मिलाफ होय.

मस्तकीस आपण सहज डिंक म्हणतों. पण शास्त्राच्या दृष्टीनें ती राळ आहे. बाभळीचा डिंक पाण्यांत विरघळतो; मस्तकी विरघळत नाहीं. तिला मद्यार्क किंवा टर्पेंटाइन लागतें. झाडाच्या सालीस जखम झाली कीं ती बुजविण्यासाठीं हा रस बाहेर येतो. झाडाच्या स्वतःच्या मलमपट्टीचेंच मनुष्यानें आपल्या कातडीसाठीं औषध केलें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

ती गोळा करण्याची रीत पाहण्याजोगी आहे. उन्हाळ्याच्या आरंभीं झाडाखालची जमीन खरवडून, झाडून सारखी करतात व तीवर बारीक पांढरी माती पसरतात. मग अणकुचीदार हत्यारानें खोडावर व फांद्यांवर लहान लहान चिरा पाडतात. रस थेंबाथेंबानें खालच्या पांढऱ्या मातीवर पडतो व पंधरा-वीस दिवसांत घट्ट होतो. या थेंबांस तेथील लोक ‘अश्रू’ म्हणतात. पुढें ते वेंचावयाचे, चाळावयाचे, धुवावयाचे. आणि थंडीच्या दिवसांत बायका घरीं बसून सुरीच्या टोंकानें एकेक खडा साफ करतात. झाड पांच-सहा वर्षांचें झाल्यावांचून उत्पन्न देत नाहीं, आणि पुढेंही सबंध वर्षांत एका झाडापासून सरासरी दोनशे ग्रॅमांहून कमीच माल मिळतो. संत इसिदोर इ. स. २५१ मध्यें या बेटावर हुतात्मा झाला, तेव्हां त्याच्या यातना पाहून झाडें रडू लागलीं, अशी दंतकथा तेथें सांगतात.

असें मोलाचें पीक राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत भरल्यावांचून कसें राहील? १३४६ पासून १५६६ पर्यंत जिनोआच्या लोकांनीं या व्यापाराचा मक्ता आपल्या हातीं ठेविला, आणि गांवें किल्ल्यासारखीं, भिंतीस भिंत लावून, बांधविलीं. पुढें तुर्कांचें राज्य आलें. सुलतानाच्या जनानखान्यांतही मस्तकी चघळली जाऊं लागली. १८२२ सालीं बेटावर भयंकर कत्तल झाली, तेव्हां या गांवांस आरंभीं पुष्कळ अंशीं अभय मिळालें, तें मस्तकीमुळेंच. १९१२ मध्यें बेट ग्रीसकडे आलें व १९३८ मध्यें उत्पादकांनीं आपला सहकारी संघ स्थापिला.

कातडीसाठीं तिचा उपयोग नवा नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील वैद्य डायॉस्कोरिडीझ यानें दंतमंजनांत व मुखलेपांत ती घालावी असें लिहून ठेविलें आहे. यूरोपच्या औषधसंस्थेनेंही २०१६ मध्यें अपचनाच्या किरकोळ तक्रारी, कातडीचा किरकोळ दाह व लहान जखमा यांसाठीं तिला पारंपरिक औषध म्हणून मान्यता दिली. मात्र ती मान्यता दीर्घकाळच्या वापरावर आधारलेली आहे, रोग्यांवरील कसोशीच्या प्रयोगांवर नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. ‘सुरकुत्या नाहींशा होतात’ अशा जाहिराती वाचून कोणीं पैसे उधळूं नयेत. शिवाय ज्या कुळांत हें झाड येतें, त्याच कुळांत आंबा, काजू आणि आपला बिब्बाही येतो! बिब्बा अंगावर उततो हें कोणास सांगावयास नको. मस्तकी तशी दाहक नाहीं. तथापि एखाद्यास तीही सोसत नाहीं. म्हणून प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस थोडीशी लावून पाहावी, हें बरें.

खरेदींतही सावधपणा हवा. बलुचिस्तान व अफगाणिस्तान इकडील याच जातीच्या झाडांची राळ पूर्वीं मुंबईच्या बाजारांतून जाई, म्हणून व्यापारी ग्रंथांत तिला ‘मुंबई मस्तकी’ हें नांव पडलें. ती निराळी वस्तु होय. दुसरी एक राळ, चंद्रस, दिसावयास अशीच असते. पण चावल्यास तिचा भुगा होतो. खरी मस्तकी प्रथम किंचित् कडवट लागते, मग मऊ होऊन दांतांखालीं लवचिक राहते व तोंडास सुवास येतो.

२०१२ च्या ऑगस्ट महिन्यांत दक्षिण खिऑसमध्यें मोठा वणवा पेटला व हजारों झाडें जळून गेलीं. दुसरें पीक असतें तर पुढच्या पावसाळ्यांत पेरणी झाली असती; येथें रोप लावून वर्षानुवर्षें वाट पाहणें भाग होतें. तरी लोकांनीं रोपें लाविलींच. दोनच वर्षांनीं, २०१४ मध्यें, त्यांच्या या विद्येची नोंद युनेस्कोनें मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत केली. त्या नोंदींत झाडाहून अधिक मान आहे तो माणसाच्या ज्ञानाचा : चीर किती खोल द्यावी, कीं रस तर यावा पण झाड मरूं नये. घेणें आणि राखणें यांतील हें तारतम्य ज्यास साधलें, त्याच्या हातीं झाड पुन्हां पुन्हां देत राहतें. पुडींतला खडा हातीं घेतांना एवढें आठवलें, तरी आमच्या लिहिण्याचें सार्थक झालें.