आंब्यावरील भिरूड : ओळख आणि वर्गीकरण

आंब्याच्या बागेत पानगळ नसलेल्या दिवसांत एखाद्याच फांदीची पाने पिवळी पडतात, मग ती गळतात व महिन्या-दीड महिन्यात फांदी शेंड्याकडून वाळत येते. मालक प्रथम पाणी कमी पडले असे समजतो, नंतर वाळवीचा संशय घेतो. शेवटी खोडाच्या बुंध्याशी लाकडाच्या भरड भुशाचा ढीग दिसतो, तेव्हा "भिरूड लागला" असे म्हणून झाडावर पाणी सोडण्यात येते. आजाने लावलेले, दरवर्षी घराला चार पैसे मिळवून देणारे झाड अशा रीतीने जाते. हे झाड पुष्कळ वेळा वाचविता येण्यासारखे असते. पण कीड कोणती हे वेळेवर ओळखले गेले, तरच.

अडचण येथेच आहे. लाकूड वा खोड पोखरणाऱ्या निरनिराळ्या किडींना खेड्यापाड्यांतून सर्रास "भिरूड" म्हणतात. आंब्याच्या खोडातील अळी, द्राक्षवेलीच्या ओलांड्यातील अळी आणि घराच्या वाशातील कीड ही सर्व एकाच नावाखाली येतात. त्यांच्या सवयी वेगळ्या आहेत, म्हणून बंदोबस्तही वेगळा करावा लागतो. प्रस्तुत लेखात आंब्याच्या खऱ्या भिरूडाची, म्हणजे शास्त्रात बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लांब मिशांच्या भुंगेऱ्याची ओळख करून दिली आहे.

भुंगेऱ्याचे स्वरूप

पूर्ण वाढलेला भुंगेरा साधारणपणे साडेतीन ते पाच सेंटीमीटर लांब, म्हणजे जवळजवळ करंगळीएवढा असतो. अंगावर राखट तपकिरी रंगाची बारीक लव असते. डोक्यावरील मिशा शरीराइतक्या वा त्याहून लांब असून नराच्या मिशा मादीपेक्षा अधिक लांब असतात. डोक्यामागील वक्षावर दोन्ही बाजूंस एकेक टोकदार काटा असतो, व पाठीच्या बाजूला नारिंगी-तांबूस रंगाचे दोन ठिपके असतात. पंखांची कवचे जेथे वक्षाला मिळतात, तेथे मध्यभागी एक लहानशी पांढरी पट्टी दिसते. कवचांच्या खांद्याकडील भागावर काळे, चकचकीत, मोहरीसारखे उंचवटे असतात आणि उरलेल्या भागावर पिवळसर नारिंगी ठिपके विखुरलेले असतात. भुंगेरा उलटा धरला असता डोळ्यापासून शेपटीपर्यंत कुशीवरून गेलेला रुंद पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो.

पंखांवरील ठिपके मोजून निर्णय घेण्याचा मोह टाळावा. त्यांची संख्या व आकार एका भुंगेऱ्यात एक, तर दुसऱ्यात दुसरा असतो. मेलेल्या भुंगेऱ्यात त्यांचा रंगही फिका पडतो. वक्षावरील दोन ठिपके, खांद्यावरील काळे उंचवटे आणि कुशीचा पांढरा पट्टा या तीन खुणा एकत्र मिळाल्या तर सहसा चूक होत नाही. आणखी एक गमतीची खूण अशी की, भुंगेरा चिमटीत धरला म्हणजे तो वक्ष वरखाली हलवून किर्र-किर्र असा आवाज काढतो. लहान मुलांना ही गोष्ट ठाऊक असते. ग्रामसेवकांनी त्यांच्याकडे चौकशी केल्यास गावात भुंगेरा केव्हा व कोठे दिसतो हे चटकन कळते.

त्याचे स्थान

कीटकांच्या ज्या गणात पुढील पंखांची कठीण कवचे बनलेली असतात, त्याला कोलिऑप्टेरा, म्हणजे ढालपंखी कीटकांचा गण म्हणतात. नारळावरील गेंड्या भुंगा, हुमणीचे भुंगेरे व धान्यातील सोंडे हे सर्व याच गणातले. या गणात लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचे सेरॅम्बिसिडी हे स्वतंत्र कुळ असून जगात त्याच्या पस्तीस हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. या कुळातील बहुतेक कीटकांचे डोळे मिशीच्या मुळाला वळसा घालून गेलेले, मूत्रपिंडाच्या आकाराचे असतात. पायाच्या पावलाला चार पेरे असल्यासारखे दिसते. वास्तविक ती पाच असतात, परंतु चौथे पेर इतके बारीक असते की ते तिसऱ्या पेराच्या दोन पाळ्यांत लपून जाते. साध्या भिंगाखाली हे पाहता येते.

कुळाचे पुढे उपकुळांत विभाग केलेले आहेत. आंब्याचा भिरूड लॅमिनी या उपकुळात मोडतो. या उपकुळाची मुख्य खूण म्हणजे चेहरा सरळ खाली उतरलेला असतो. भुंगेरा मेजावर ठेवून बाजूने पाहावा. भिंतीसारखा उभा चेहरा दिसला तर तो लॅमिनी होय. चेहरा पुढे कललेला असेल तर तो दुसऱ्या उपकुळातला समजावा. द्राक्षवेलीवरील दोन किडींना ही कसोटी चांगली लागू पडते. जिवंत वेलीला पोखरणारा सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर हा लॅमिनी उपकुळातील आहे व तो बाभळीच्या रोपांच्या मुळांतही आढळतो. स्ट्रोमॅशियम बार्बेटम हा मुख्यतः वाळलेल्या लाकडावर जगणारा भुंगेरा मात्र सेरॅम्बिसिनी या वेगळ्या उपकुळातला आहे. द्राक्षबागेत दोहोंनाही खोडकिडाच म्हणतात.

आंब्याच्या भिरूडाचे शास्त्रीय वर्णन स्वीडनमधील द गीर या शास्त्रज्ञाने १७७५ साली केले. त्या वेळी लांब मिशांचे बहुतेक भुंगेरे सेरॅम्बिक्स या एकाच प्रजातीत घालीत असत. पुढे बॅटोसेरा ही प्रजाती वेगळी करण्यात आली व ही जाती तिच्यात गेली. म्हणूनच ग्रंथांत या नावापुढे द गीर यांचे नाव कंसात छापलेले आढळते. मूळ वर्णन दुसऱ्या प्रजातीच्या नावाखाली झाले, एवढाच त्या कंसाचा अर्थ. रुफोमॅक्युलाटा म्हणजे तांबूस ठिपक्यांचा. भारतातील या कुळावर गॅहन यांचा ग्रंथ १९०६ साली प्रसिद्ध झाला, परंतु त्यात लॅमिनी उपकुळाचा समावेश नाही. तेव्हा तो उघडून आंब्याचा भिरूड शोधणाऱ्याची निराशाच होते.

बॅटोसेरा रूबस हा याच प्रजातीतील दुसरा भुंगेराही आंब्यावर व उंबर-अंजिराच्या वर्गातील झाडांवर येतो. त्याच्या पंखांवरील ठिपके बहुधा पांढरे असतात. दोघांची नुकसान करण्याची रीत एकच असल्याने त्यांतील फरक न कळल्यास शेतकऱ्याचे काही बिघडत नाही.

अळीवरून ओळख

प्रत्यक्ष बागेत भुंगेरा क्वचितच हाती लागतो. तो पावसाळ्याच्या सुरुवातीस बाहेर पडतो, रात्री हिंडतो आणि कोवळ्या फांद्यांची साल खातो. मादी सालीत चिरा पाडून त्यांत एकेक अंडे घालते. एक-दोन आठवड्यांत अळी निघते व सालीखालून लाकडात शिरते. तेथे ती कित्येक महिने काढते, आतच कोषावस्थेत जाते आणि वर्षाकाठी एक पिढी पुरी होते. यास्तव ओळख पटवावी लागते ती अळीवरून व तिच्या खुणांवरून.

भिरूडाची अळी पिवळसर पांढरी, मांसल, काळसर तपकिरी डोक्याची असते व पूर्ण वाढल्यावर आठ-नऊ सेंटीमीटरपर्यंत लांब होते. तिला पाय नसतात आणि ती सरळ असते. हुमणीची किंवा गेंड्या भुंग्याची अळी अर्धवर्तुळाकार वाकलेली असून तिला पायांच्या तीन जोड्या असतात, एवढ्यावरून फरक ध्यानात येतो. ज्या पाय नसलेल्या अळीचा डोक्याजवळचा भाग पळीसारखा पसरट व चपटा असतो, ती चकचकीत भुंगेऱ्यांच्या ब्युप्रेस्टिडी कुळातील होय. तिची बाहेर पडण्याची भोके लांबट असतात, तर भिरूडाचे भोक गोल व बोट जाईल एवढे असते. सालीवर रेशमी धाग्यांनी विणलेली, भुसा व विष्ठा मिसळलेली जाळीदार पट्टी दिसली तर ती साल खाणाऱ्या अळीची समजावी. ही पतंगाची अळी असून तिला पाय असतात, आणि ती लाकडात फार खोल जात नाही. मातीचे थर दिसले तर वाळवी होय. वाळवीने पोखरलेल्या खोडाला तारेने टोचत बसणे व्यर्थ, आणि भिरूडाच्या झाडाभोवती वाळवीचे औषध ओतणे म्हणजे पैसा मातीत घालणे.

खूण पटल्यावर ताजा, ओलसर भुसा ज्या भोकातून येतो तेच भोक हाताळावे. जुनी, कोरडी भोके बहुधा रिकामी असतात. टोक वाकविलेली तार आत सारून अळी ओढून काढावी. ती न निघाल्यास रॉकेलात वा पेट्रोलात भिजविलेला कापसाचा बोळा आत घालून भोक चिखलाने घट्ट लिंपावे. आठ दिवसांनी पुन्हा पाहावे. नवा भुसा आला असेल तर अळी जिवंत आहे. पूर्ण वाळलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी कापून जाळाव्यात, नाहीतर त्यांतूनच नवे भुंगेरे बाहेर पडतात. जुन्या पत्रकांत डायक्लोरव्हॉस हे औषध सांगितलेले आढळेल. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. इतर औषधांबाबत कृषी विद्यापीठाची चालू शिफारसच पाळावी.

शंका राहिल्यास नमुना तज्ज्ञांकडे पाठवावा. भुंगेऱ्याला टाचणी मधोमध न टोचता उजव्या कवचातून टोचावी, म्हणजे वक्षावरील व मध्यावरील खुणा शाबूत राहतात. अळी थेट स्पिरिटमध्ये टाकल्यास काळी पडते. म्हणून ती प्रथम काही मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून मग स्पिरिटच्या बाटलीत घालावी. गाव, तालुका, तारीख, झाडाचे नाव आणि अळी बुंध्यात सापडली की फांदीत, एवढा मजकूर चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आतच टाकावी. शाईचे अक्षर स्पिरिटमध्ये विरघळून जाते.