कवकविष-परीक्षण, आयात धान्याचे

परदेशांतून आलेल्या धान्यात कवकांनी (बुरशींनी) निर्माण केलेली विषारी द्रव्ये विहित मर्यादेत आहेत किंवा नाहीत, हे ठरविण्याची पद्धती. ॲस्परजिलस, फ्युजेरियम व पेनिसिलियम या वंशांतील काही कवके शेतात, कोठारात वा जहाजातील दमट हवेत धान्यावर वाढतात आणि अफ्लाटॉक्सिने, ऑक्राटॉक्सिन ए, फ्युमोनिसिने इ. विषे तयार करतात. कवक दिसेनासे झाले, तरी विष दाण्यात राहते व नेहमीच्या शिजविण्याने ते पुरेसे नष्ट होत नाही. म्हणून केवळ डोळ्यांनी केलेली पाहणी अपुरी ठरते.

या प्रश्नाकडे प्रथम लक्ष वेधले गेले ते १९६० मध्ये. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. ब्राझीलमधून आयात केलेल्या भुईमुगाच्या पेंडीतील अफ्लाटॉक्सिने हे त्याचे कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत स्थानिक दूषित मका खाल्ल्याने यकृतविकार होऊन १०६ माणसे दगावली. अल्प प्रमाणात दीर्घकाळ पोटात गेलेली अफ्लाटॉक्सिने यकृताच्या कर्करोगास कारणीभूत होतात.

नमुना घेणे : परीक्षणातील सर्वांत मोठी चूक बहुधा प्रयोगशाळेत होत नाही, ती नमुना घेतानाच होते. विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. मक्याच्या एखाद्याच दाण्यात ते दर किग्रॅ.ला ४,००,००० मायक्रोग्रॅम या प्रमाणापर्यंत आढळले आहे. सु. ०.३ ग्रॅ. वजनाचा असा एक दाणा ६ किग्रॅ. निर्दोष मक्यातील सरासरी प्रमाण २० मायक्रोग्रॅमपर्यंत नेऊ शकतो. यासाठी मोठ्या मालातून ठिकठिकाणचे, सामान्यतः शंभर, अंश पोकळ शलाकेने किंवा वाहत्या धान्यातून घेतात, ते एकत्र करून बारीक दळतात व नीट मिसळून त्यांतील थोडा भाग विश्लेषणासाठी वापरतात.

विश्लेषण : पिठातील विष मिथेनॉल व पाणी यांच्या मिश्रणात विरघळवून वेगळे काढतात. अफ्लाटॉक्सिने जंबुपार प्रकाशात निळी वा हिरवी चमकतात. बी व जी ही त्यांच्या गटांची नावे या रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच पडली आहेत. या गुणधर्माचा उपयोग वर्णलेखनात होतो. बंदरावर जलद चाळणीसाठी प्रतिपिंडांवर आधारलेल्या कसोट्या वापरतात. एकाच वेळी अनेक विषे मोजावयाची असल्यास द्रव वर्णलेखनाला द्रव्यमान वर्णपटमापनाची जोड देतात.

मर्यादा : एकूण अफ्लाटॉक्सिनांची धान्यातील मर्यादा भारतात दर किग्रॅ.ला १५ मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेत अन्नपदार्थांसाठी ती २०, तर यूरोपीय संघात थेट खाण्याच्या धान्यासाठी ४ मायक्रोग्रॅम आहे. दूषित धान्य निर्दोष धान्यात मिसळून प्रमाण खाली आणण्यास यूरोपीय संघात मनाई आहे.

नमुना सदोष असल्यास चांगला माल परत जाऊन निर्यातदाराचे नुकसान होते किंवा विषारी माल ग्राहकाच्या ताटात येतो. परीक्षणाने विष नाहीसे होत नाही. नाकारलेले धान्य तपासणी नसलेल्या दुसऱ्या बाजारात विकले गेल्यास धोका केवळ स्थलांतरित होतो. म्हणून कापणीनंतर धान्य त्वरित वाळविणे व कोरडे साठविणे हाच मूळ उपाय होय.